जुना करार मलाखीवर का संपतो?

प्रश्न: मी संडे स्कूल शिकवते. यहुद्यांच्या तनाखमध्ये, म्हणजे त्यांच्या हिब्रू पवित्र शास्त्रात, 24 पुस्तकं, आपल्या प्रॉटेस्टंट जुन्या करारात 39. मजकूर तोच ना?

उत्तर: तोच, ताई. शमुवेल, राजे, इतिहास तिथे एकेकच; एज्रा-नहेम्या एकत्र, बारा लहान संदेष्टे मिळून एक. छापील तनाख सहसा इतिहासाने, पारसाच्या कोरेश राजाच्या फर्मानाने संपतो: यरुशलेमेला परत जा. आपलं शेवटचं पुस्तक मलाखी मात्र एलीया संदेष्ट्याची वाट पाहायला लावतं आणि नव्या करारात थोड्याच पानांत, एलीयाच्या जागी येणारा, बाप्तिस्मा करणारा योहान भेटतो. मला हा क्रम फार प्रिय आहे.

दुसरं उत्तर: लूक 24:44 पाहा. प्रभू येशू नियमशास्त्र, संदेष्टे, स्तोत्रे म्हणतात. तनाखचेही तीनच भाग. पण यशया 53, म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या अध्यायावरून, थेट वधस्तंभाकडे धावू नका. आधी बाबेलच्या बंदिवासातलं इस्राएलचं दुःख मुलांना कळू द्या.

प्रश्नकर्ती: रविवारी दोन्ही अनुक्रमणिका फळ्यावर लिहिते.