'हँडमेड सिरॅमिक्स'ला मराठीत काय म्हणावं?

मातकट: एका प्रदर्शनाचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. ठिकठिकाणच्या कुंभारांचं काम मांडणार आहेत. 'हँडमेड सिरॅमिक्स'पाशी अडले. 'हस्तनिर्मित मृत्तिकापात्रे' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. 'चिनी मातीची भांडी' चालेल?

आडवळणी: नको. चिनी माती म्हणजे केओलिन, पांढरी, पोर्सेलीनची. साध्या माठाला ते नाव दिलंत तर कुंभारही हसेल. सरळ 'कुंभारकाम' म्हणा.

मातकट: पण 'कुंभारकाम' म्हटलं की डोळ्यांपुढे चाक फिरायला लागतं. मणिपुरातल्या लोंगपीला चाक वापरतच नाहीत. काळ्या दगडाची पूड मातीत मळून हातानं आकार देतात, उघड्यावर भाजतात आणि भांडं तापलेलं असतानाच पानांनी घासतात. जयपूरच्या ब्लू पॉटरीत तर कुंभारमातीच नसते! गारगोटीचं पीठ, काचेची पूड, मुलतानी माती, डिंक.

गाडगंमडकं: मुलतानी मातीही मातीच की हो.
बाकी कुंभाराचं काम चाकावर संपतं कुठे? चाकावरून उतरलेलं मडकं जाड आणि आखूडच असतं. आतून गोटा धरायचा, बाहेरून थापटण्यानं थापटायचं, तेव्हा ते पातळ होत फुगतं. गोरोबाकाकांनी संतांची डोकी तपासली ती याच थापटण्यानं, आणि नामदेव कच्चं मडकं ठरले. गोष्ट सगळ्यांना पाठ, पण थापटणं हे मुळात परीक्षेचं नव्हे, घडवण्याचं हत्यार, हे कुणी सांगत नाही. म्हणून 'हँडमेड'ला 'हातानं घडवलेलं' म्हणा. चाकावरचं आणि बिनचाकाचं, दोन्ही त्यात बसतं.

आडवळणी: पटलं. मग उरलं 'सिरॅमिक्स'. या सगळ्यांत सारखं काय, तर भाजणं. निजामाबादची (आझमगडकडची) भांडी काळी होतात तीही भाजताना धूर कोंडल्यामुळे. तेव्हा 'भाजीव काम'?
जाता जाता, पत्रकात सगळीकडे 'भट्टी' लिहू नका. गावच्या कुंभाराचा असतो तो आवा, संस्कृत 'आपाक'वरून आलेला. आवा रचतात, भट्टी बांधतात. पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत १९७१ पासून स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी, होतात. त्याला १२०० अंश सेल्सिअसच्या वर आच लागते, तिथे भट्टीच हवी. उघड्या आव्याचं ते काम नाही.

मातकट: आवा-भट्टीचं लक्षात ठेवते. आणि ग्लेझ? मी सरसकट 'झिलई' लिहिलंय. लोंगपीच्या चकाकीलाही.

गाडगंमडकं: तिथलं काढा. झिलई म्हणजे वरून दिलेला, भट्टीत वितळून काचेसारखा झालेला थर. लोंगपीची चकाकी घासण्याची. गोट्यानं किंवा मण्यानं घासून आणतात ती घोटाई, आणि पातळ मातीचं पाणी फासतात तो लेप. माठाला तर झिलई चुकूनही लिहू नका. पाणी झिरपून बाहेर सुकतं म्हणून तो गार राहतो. झिलईनं भोकंच बुजली तर नुसतं पिंप उरेल.

मातकट: झिलई तीन ठिकाणची काढली. शीर्षक 'हातानं घडवलेलं भाजीव काम' असं कळवलं. आयोजकांना 'भाजीव' वाचून वीट आठवली. वीट आला नाही म्हणजे मिळवलं.