स्वर तेच, पण षड्ज कोण ठरवतं?

सी मेजर (षड्ज सी) आणि डी डोरियन (षड्ज डी) यांचे सातही स्वर तेच, मग हार्मनीत, म्हणजे कॉर्डच्या साथीत, फरक कसला? फरक आहे तो षड्ज, म्हणजे मूळचा सा, कसा ठरतो यात. टोनल, म्हणजे मेजर-मायनरवर उभ्या, संगीतात तो कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) ओढीने ठरतो. जी सेव्हन्थ या कॉर्डमध्ये (जी, बी, डी, एफ) बी आणि एफ यांच्यात ट्रायटोनचा, म्हणजे तीन पूर्ण स्वरांच्या अंतराचा, ताण असतो. बी चढून सीवर जातो, एफ उतरून ईवर येतो आणि कानाला घरी पोचल्यासारखं वाटतं.

मोडल हार्मनी, म्हणजे डोरियनसारख्या स्वरसप्तकांची साथ, नेमकी हीच ओढ टाळते. खर्जात डी धरून डी मायनर आणि जी मेजर आलटूनपालटून वाजवून बघा. रंग डोरियनचा, म्हणजे आपल्या काफी थाटाचाच राहतो. मध्येच जी सेव्हन्थवरून सीवर उतरलात, की षड्ज सरकलाच.

आपल्याकडे मिरजेत घडणारा तानपुरा षड्ज कधीच सोडत नाही, कॉर्डने तो सिद्ध करावा लागत नाही. म्हणून कोमल निषादाच्या खमाज थाटातल्या धुनेला सी षड्ज धरून साथ द्यायचीच, तर सी आणि बी फ्लॅट मेजर घ्या. जी सेव्हन्थ नको. त्यातला शुद्ध निषाद (बी) थाटाचा कोमल निषादच पुसतो.