जन्माने मिळतं ते वेगळं, अर्ज करून मिळतं ते वेगळं

पुष्कळदा असं म्हटलं जातं की १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर अमेरिकन नागरिकत्वातून वर्ण बाद झाला. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वापुरतं बरोबर आहे, १८९८ च्या वाँग किम आर्क (अमेरिकेत जन्मलेला, चिनी आईबापांचा मुलगा) याच्या खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ते पक्कंही केलं. पण बाहेरून आलेल्याने अर्ज करून नागरिक व्हायचं तर १७९० पासूनची 'गोरा' असण्याची अट कायद्यात तशीच होती, १८७० मध्ये त्यात फक्त आफ्रिकन वंशाचे लोक जोडले. म्हणजे आईबापांना नागरिकत्वाचा अर्जच करता येत नाही आणि तिथेच जन्मलेलं पोरगं मात्र पूर्ण नागरिक, असा अजब संसार कित्येक घरांत चालू होता.

भारतातून आलेले आणि नागरिकत्वाचा अर्ज केलेले भगतसिंग थिंद यांची केस बऱ्याच जणांना माहीत असते, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हिंदी, म्हणजे भारतीय, माणूस गोरा नाही. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित मात्र कुणाला आठवत नाहीत. पंडित १९१४ मध्येच नागरिक झालेले, आणि या निकालानंतर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं! गडी स्वतःच लढला. म्हणणं साधं, तुम्हीच दिलेल्या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली केली, घर-संसार उभा केला, आता इतक्या वर्षांनी कसं काढता? १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले. बाकीच्या हिंदी लोकांना अर्जाचा रस्ता १९४६ मध्ये खुला झाला, आणि नव्याने येणाऱ्यांसाठी कोटा किती, तर वर्षाला १००.