जुन्नरला होळीपर्यंत मुक्काम : भाड्याचे घर आणि आसपासच्या डोंगरवाटा

वैनगंगाकाठ यांचा प्रश्न :

नमस्कार. कार्यालयाने मला प्रतिनियुक्तीवर जुन्नरला पाठविले असून होळीपर्यंत मुक्काम येथेच आहे. कुटुंब भंडाऱ्यालाच राहिले आहे. गावात एका जुन्या वाड्याच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने मिळाल्या आहेत. खिडकीतून शिवनेरीचा कडा समोर दिसतो ही चैनच म्हणायची. परंतु श्रावण संपत आला तरी कपडे वाळत नाहीत आणि पलंगामागच्या भिंतीला ओल धरली आहे. थोड्या महिन्यांसाठी संसार किती मांडावा, हेही उमगत नाही.

खरा प्रश्न डोंगरांचा आहे. ऊन आणि पायपीट यांची मला सवय आहे, चढणीची नाही. स्वतःचे वाहन नाही, रविवारखेरीज सुट्टी नाही आणि सोबतीला कोणी नाही. अशा माणसाने कोणत्या गडापासून सुरुवात करावी आणि कोणता गड कोणत्या ऋतूसाठी राखून ठेवावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कुकडीतीर यांचे उत्तर :

जुन्नरमध्ये आपले स्वागत असो. आधी घराचे सांगतो. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढून घ्या, दोन दोऱ्या खोलीतच आडव्या बांधा आणि नवी गादी किंवा कपाट दसऱ्यापर्यंत मुळीच घेऊ नका. तोवर सतरंजी, एक गॅस आणि दोन-चार भांडी यांवर सहज निभते. रविवारी आठवडे बाजार भरतो. तो सकाळी लवकर उरकला तरच उरलेला दिवस डोंगराला देता येतो.

सुरुवात अर्थातच शिवनेरीपासून करावी, आणि एकदा जाऊन 'झाला' म्हणण्यासाठी नव्हे. सात दरवाज्यांची वाट पायऱ्यांची आणि बांधीव असल्याने पावसातही एकट्याला जाता येते. महाराजांच्या जन्मस्थळापाशी गर्दी असते, पण तेथून पुढे बदामी तलावावरून कडेलोट टोकाकडे गेले की माणसे विरळ होतात. ही फेरी नेमाने केली की पायांना चढणीची सवय आपोआप होते. गुडघे चढताना नव्हे, उतरताना बोलतात. म्हणून उतरताना घाई करू नये.

पावसाची उघडीप पाहून लेण्याद्रीही करावी. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे हे स्थान मुळात बौद्ध लेण्यांच्या ओळीतले एक लेणे आहे. पायऱ्या सुमारे तीनशे आहेत, पण शेजारची लेणी पाहायला फारसे कोणी थांबत नाही. पाडळीजवळच्या तुळजा लेण्यांत तर गोलाकार चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनास्थान, आहे : मधोमध स्तूप आणि त्याभोवती बारा खांबांचे कडे. आपल्याकडच्या लेण्यांत ही रचना अगदी दुर्मीळ आहे. एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. जुन्नरच्या लेण्यांत, विशेषतः मानमोडीच्या डोंगरात, आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा ही तिन्ही टाळावीत.

घाटवाट यांचे उत्तर :

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात पश्चिमेकडच्या गडांची भर घालतो.

सातवाहनांच्या काळात जुन्नरची बाजारपेठ आणि कोकणातली बंदरे यांना जोडणारा नाणेघाट हा मुख्य मार्ग होता. हडसर, चावंड, जीवधन आणि शिवनेरी हे त्याचे पाठीराखे. हे ध्यानात ठेवून फिरलात तर चार सुटे गड पाहिल्यासारखे न वाटता एकाच वाटेची चार ठाणी पाहिल्यासारखे वाटेल. घाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले असून अंकलेखनाच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा असल्याचे परंपरेने सांगतात. पावसाळ्यात वाऱ्याने वर उडणाऱ्या उलट्या धबधब्यासाठी तेथे शनिवार-रविवारी जत्रा लोटते, म्हणून लेख शांतपणे पाहायचा असेल तर दिवाळीनंतर जावे.

चावंड त्याआधी करावा. 1818 मध्ये इंग्रजांनी वाटेच्या पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या. आता तेथे लोखंडी कठडे आहेत, पण उरलेल्या पायऱ्या इतक्या उंच आहेत की गुडघा पोटाशी येतो. माथ्यावर सात टाक्यांचा समूह आहे. हडसरला खुंटीची, म्हणजे कातळातल्या खुंट्या धरून चढायची, वाट आणि राजमार्ग अशा दोन वाटा आहेत. आपण राजमार्गच धरावा. अखंड कातळ खोदून काढलेली ती दरवाज्यांची जोडी पाहताना मला दरवेळी वाटते की हा गड शिवनेरीच्या सावलीत उगाच झाकला गेला आहे.

जीवधनला एकट्याने जाऊ नये. घाटघरकडची वाट असो वा नाणेघाटाकडची, दोन्हीकडे कातळटप्पे आहेत. शेवाळ वाळल्यावर, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, माहितगारासह जावे आणि वानरलिंगीचा सुळका कड्यावरून पाहावा.

वैनगंगाकाठ :

दोघांचेही आभार. दोन शंका उरतात. शिवनेरीची साखळीची, म्हणजे साखळी धरून कातळ चढायची, वाट जवळची आहे असे शेजारी सांगतात. ती धरावी का? आणि ऊसतोडीच्या दिवसांत बिबट्याची भीती खरोखर किती असते? घरमालकीणबाई दिवेलागणीनंतर मला गावाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत.

हिरडीचा माळ यांचे उत्तर :

मी याच तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात शिक्षक आहे. मालकीणबाईंचे ऐकावे. येथील बिबटे उसातच जन्मतात आणि उसातच वाढतात, आणि फड तुटू लागला की पिल्लांसह मादी उघड्यावर येते. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभे राहिले ते याच प्रश्नापोटी. अंधार पडण्यापूर्वी रस्त्याला लागावे, उसाकडेच्या पायवाटेवर वाकून किंवा बसून राहू नये, बोलत वा मोबाइलवर गाणी लावून चालावे आणि हाती विजेरी असावी. उघड्या डोंगरमाथ्यापेक्षा पायथ्याच्या बागायतीत अधिक जपावे लागते.

साखळीची वाट ओल असेपर्यंत नको. कोरड्या दिवसांत, सोबत असेल तर, चढायला हरकत नाही. उतरताना मात्र सात दरवाज्यांनीच यावे.

वाहनाचे म्हणाल तर जुन्नरच्या स्थानकावर मुक्कामी गाड्यांची चौकशी करा. ही गाडी संध्याकाळी गावात जाते, रात्री तेथेच थांबते आणि पहाटे परतते. शनिवारी कामावरून सुटून तिने घाटघरला गेलात तर रविवारची सकाळ पूर्ण हाती लागते. आधी फोन केल्यास एखाद्या घरी भात, पिठले आणि पथारी यांची सोय होते. पैसे विचारून द्यावेत, कारण ते आपणहून मागणार नाहीत.

घाटवाट :

हरिश्चंद्रगडाचे राहिले. तो पौषात, एक जोडसुट्टी पाहून, खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे करा. माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाट्याला उतरून पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरला चालत जाता येते. खिंडीच्या वरच्या कातळाला कठडे आहेत, पण त्यापुढचे टेपाडांचे चढउतार दमवतात; म्हणून पाणी दोन लिटरांहून कमी नेऊ नये. त्या सुमारास मीही जाणार आहे. सोबत हवी असल्यास येथेच कळवावे.