बार कौन्सिल निवडणूक : तालुक्यातल्या विद्यमान सदस्याला पुन्हा पहिली पसंती द्यावी का?

संत्रानगरी_वकील (धागाकर्ता)
महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलवर (वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणारी, मुंबईत बसणारी संस्था) निवडून गेलेले, तालुका कोर्टात प्रॅक्टिस करणारे एक सदस्य पुन्हा मत मागताहेत. नाव नको, मुद्दा कामाचा आहे. मतपत्रिकेवर आपण वकील उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीक्रम देतो; माझ्या मते पहिली पसंती त्यांनाच द्यावी. निवडून जाणारे २५, पण जिल्हावार मतदारसंघ नाहीत. मुंबई-पुण्याचा उमेदवार आपल्या शहराच्या मतांवर निघून जातो. काटोल, उमरेड, रामटेकच्या माणसाला मात्र विदर्भाच्या ११ही जिल्ह्यांतून दुसरी-तिसरी पसंती गोळा करावी लागते. असा माणूस एकदा पोचला, कौन्सिलचं काम शिकला, आणि आपणच त्याला ५ वर्षांत घरी बसवायचं?

सिव्हिल_लाइन्स
भाऊ, काम शिकला हे कशावरून? वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या शिस्तभंग समितीत तिघे असतात : दोन कौन्सिलचे सदस्य, तिसरा बाहेरून घेतलेला वकील. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम ४२ बघा. एखादा गैरहजर असला तरी सुनावणी चालू ठेवता येते, पण अंतिम आदेशाला तिघेही हजर लागतात. म्हणजे एका माणसाच्या दांडीने निकाल अडतो. त्यात कलम ३६-ब : तक्रार मिळाल्यापासून वर्षभरात कार्यवाही संपली नाही, तर ती दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. गडचिरोलीच्या पक्षकाराचे पैसे वकिलाने दाबले आणि त्याची तक्रार दिल्लीला गेली, तर तो तिथे किती तारखांना जाईल? तक्रार तिथेच मरते. म्हणून उमेदवाराला दोनच आकडे विचारा : समितीच्या किती बैठकांना हजर होता, आणि तुमच्या समितीतून किती प्रकरणं दिल्लीला गेली? आकडे नसतील तर पहिली पसंती नाही. तालुक्याचा असो की हायकोर्टाचा.

दिवाणी_दावा
हजेरीचा निकष सरसकट लावला की तो फक्त मोठ्या चेंबरवाल्यांच्या सोयीचा होतो, साहेब. त्यांचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीची प्रकरणं, ज्युनिअर सांभाळतात. तालुक्यातला वकील एकटा असतो. तो मुंबईला गेला की त्या दिवशीच्या जमानती, मनाईहुकूम, साक्षीपुरावा, सगळंच पुढे ढकललं जातं आणि पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे जातो. खरा प्रश्न हा, की विदर्भातल्या तक्रारींच्या बैठका नागपुरात लावून घेण्यासाठी त्याने कौन्सिलमध्ये ठराव मांडला का? तिसरा सदस्य नागपूरचाच घ्यावा, असा आग्रह धरला का? एवढं केलं असेल तर दोन-चार गैरहजेऱ्या मी माफ करेन.

सिव्हिल_लाइन्स
मी नाही करणार. उभं राहतानाच मुंबईचं अंतर माहीत असतं. ठराव मांडला असेल तर इतिवृत्तात असेलच; त्याची प्रत बार रूममध्ये लावा, मग बोलू.

कोटा_आणि_क्रम
वाद चालू द्या, पण प्रचारात एक घातक गोष्ट सांगितली जातेय : "फक्त आम्हालाच १ द्या, पुढे काही लिहू नका, नाहीतर मत फुटतं." हे साफ चूक आहे. मोजणी एकल संक्रमणीय पद्धतीने होते. समजा ५२,००० मतं वैध ठरली. जागा २५, म्हणून २६ ने भागायचं : २,०००, त्यात १ मिळवला की कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, २,००१. तुमचा पहिल्या पसंतीचा उमेदवार शर्यतीत असेपर्यंत दुसऱ्या पसंतीकडे कुणी बघतही नाही. तो बाद झाला, किंवा कोट्यापेक्षा जास्त मतं मिळवून निवडून आला, तरच पुढचा क्रम वाचतात. पुढे क्रमच नसेल तर मतपत्रिका तिथेच संपते. पहिल्या पसंतीची मोठी गठ्ठामतं क्वचितच मिळणाऱ्या तालुक्याच्या उमेदवारांना हेच सगळ्यात जास्त मारक आहे. शेवटच्या जागा बऱ्याचदा असल्या उरल्यासुरल्या पसंतींवरच ठरतात. बाद मतांची कारणंही तीच ती : १ हा अंक न लिहिणं, दोघांना १ देणं, मतपत्रिकेवर सही करणं.

वर्धेकर_ॲडव्होकेट
मुद्दा पटला, पण विदर्भाचा म्हणून दुसरी-तिसरी पसंती देणं मला मान्य नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांत महिलांचं ३० टक्के प्रतिनिधित्व सांगितलं : २० टक्के निवडून, १० टक्के स्वीकृत, म्हणजे निवडणुकीशिवाय घेतलेल्या. २५ जागांत निवडून यायच्या ५ झाल्या. तालुका कोर्टातल्या महिला वकिलांसाठी वेगळी बार रूम सोडा, धड स्वच्छतागृहसुद्धा अनेक ठिकाणी नाही. विद्यमान सदस्याने पाच वर्षांत हा विषय कौन्सिलसमोर नेला नसेल, तर माझा १ एखाद्या महिला उमेदवाराला आणि त्यांना फार तर ४.

संत्रानगरी_वकील (धागाकर्ता)
मॅडम, हा प्रश्न मीच त्यांना विचारतो. सोबत सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या नोंदणीच्या, फीचाही. कलम २४ प्रमाणे राज्य कौन्सिलला ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १०० आणि २५. त्याहून जास्त घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. त्याआधी खेड्यातल्या पोरांकडून जास्त पैसे घेतले जात होते, तेव्हा आतून कोण बोललं? सिव्हिल लाइन्स साहेबांचे दोन आकडेही मागतो. माझा १ अजून त्यांच्याकडेच आहे, पण आकडे आले नाहीत तर बदलेन.

दिवाणी_दावा
ठरावाची तारीखही मागा. निवडणुकीच्या तोंडावर मांडलेला ठराव मी धरत नाही.