गावभागातल्या १७ मांजरांची नसबंदी, खाणं आणि पावसाळा: सल्ला हवा

काठावरचा_वाडा (सांगली)

नमस्कार मंडळी. गावभागात नदीच्या अंगाला एका जुन्या वाड्याची पडवी आणि शेजारचं बंद गोदाम, एवढ्या जागेत मांजरांचा गोतावळा आहे. आठ दिवस रोज संध्याकाळी एकाच वेळी मोजणी केली: ४ बोके, ६ भाट्या (त्यातली एक गाभण वाटते), साधारण दोन महिन्यांची ५ पिल्लं, आणि २ अशी की नर-मादी कळत नाही. कुणाचाच कान (नसबंदी झाल्याची खूण म्हणून) कापलेला नाही. तीन घरांतून खाणं टाकलं जातं: दूध-भात, माशांची डोकी, उरलंसुरलं. तक्रारी मुताचा वास, रात्रीचं ओरडणं आणि तुळशीच्या कुंडीतली घाण, अशा आहेत. "पोत्यात भरून लांब सोडून या" असा सूर गल्लीत निघू लागलाय आणि तेच होऊ द्यायचं नाहीये. सुरुवात कुठून करायची? पकडायची कशी? पिंजरा एकच आहे, उंदराचा, मोठ्या आकाराचा.

कुपवाडचा_पिंजरा

उंदराचा पिंजरा बाजूला ठेवा. मांजराची शेपूट किंवा कंबर त्याच्या दारात सापडते. लोखंडी जाळीचा, आतून ३० इंच लांब, ११ रुंद, १२ उंच असा हवा. जाळीची भोकं अर्ध्या ते एक इंचाची, त्याहून मोठी नकोत, नाहीतर पंजा आणि नाक अडकतं. आत पाऊणएक लांबीवर पट्टी, तिच्यावर पाय पडला की पुढचं दार खाली येतं आणि खटक्यानं बंद राहतं. मागच्या बाजूला वर सरकणारं दुसरं दार घ्याच, कारण सोडताना आणि स्वच्छ करताना ते लागतं. एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला हे करून देतो. फक्त आतल्या वेल्डिंगच्या धारा घासून घ्यायला सांगा. १७ मांजरांसाठी असे किमान चार हवेत. एका पिंजऱ्यावर काम काढलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उरलेली मांजरं शहाणी होतात.

लांब सोडण्याचा विषय आधी मिटवा. मांजर जागेला धरून राहतं. माधवनगरपलीकडं नेऊन सोडलं तर परतीची वाट धरतं, आणि वाटेत गाडी नाहीतर कुत्री. इकडं गोदाम आणि खाणं तसंच राहतं, म्हणून मोकळ्या जागेत नवी मांजरं येऊन बसतात, तीही नसबंदी न झालेली. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. शेजाऱ्यांना हे आवाज न चढवता सांगा, आणि त्याच बैठकीत नसबंदीची तारीखही सांगा. वास आणि रात्रीचं ओरडणं यांचं मूळ बोक्यांचं जागोजागी मूत फवारणं आणि माजावर आलेल्या भाट्या, दोन्ही शस्त्रक्रियेनं कमी होतात. बोक्याच्या अंगातले हार्मोन्स उतरायला चार-सहा आठवडे लागतात, हेही आधीच सांगून ठेवा. नाहीतर आठव्या दिवशी "काय उपयोग झाला?" असं ऐकावं लागतं.

क्रम भाट्यांपासून धरा. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. सहापैकी एक जरी सुटली तरी वर्षाअखेर मोजणी होती तिथंच येते. ज्यांची नर-मादी कळत नाही त्यांचे रंग बघा: तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटी असतं, पिवळं बहुतेक वेळा बोका.

डॉक्टरांशी पिंजरे लावण्याआधी बोला, नंतर नव्हे. एका दिवसात किती करतील, पिंजऱ्यातल्या रानटी मांजराला जाळीतूनच भुलीचं इंजेक्शन देण्याची सवय आहे का, भाटीचा छेद पोटाखाली घेतात की कुशीवर, विरघळणारे टाके वापरतात का, वेदनाशामक देतात का, एवढं नक्की विचारा. भटक्या मांजराला कुशीवरचा छेद बरा, लांबूनही जखम दिसते आणि दूध भरलेलं असलं तरी छेद आचळांपासून दूर राहतो. डाव्या कानाचं टोक सुमारे एक सेंटीमीटर सरळ कापून घ्या. भुलीतच होतं, आणि तीच पुढची खूण. ती नसेल तर चुकून त्याच भाटीचं पोट पुन्हा उघडलं जातं. रेबीजची लस त्याच वेळी.

पकडण्याच्या आधीच्या दिवशी सगळ्या तीन घरांतलं खाणं बंद, पाणी चालू. हे एका घरानं पाळलं नाही तर पिंजरे रिकामे राहतात, कारण पोट भरलेलं मांजर आत जात नाही. संध्याकाळी तळाला वर्तमानपत्राच्या चार घड्या, पट्टीच्या पलीकडं बांगड्याचा तुकडा किंवा भिजवलेलं सुकट, दारापासून आतपर्यंत चिमूट-चिमूट माग. वाटी ठेवू नका, मांजर धडपडलं की तीच लागते. पिंजरा भिंतीला लावून, डुगडुगणार नाही असा. तुम्ही १५-२० फुटांवर, आणि पिंजरा नजरेआड कधीच नको. दार पडलं की लगेच जाड चादर पूर्ण झाका. झाकल्यावर मांजर मिनिटभरात शांत होतं, न झाकल्यास जाळीवर आपटून नाक फोडून घेतं.

मोठ्यांना शस्त्रक्रियेआधी ६ ते ८ तास उपाशी ठेवतात. पिल्लांना मात्र ३-४ तासांपेक्षा जास्त नको, त्यांची साखर उतरते. पिल्लू दोन महिन्यांचं आणि किलोभराचं असेल तर अनुभवी डॉक्टर शस्त्रक्रिया करतात. वजन कमी असेल तर थांबा.

घरी आणल्यावर बंद, कोरडी खोली. पिंजरा सपाट, मान सरळ. मांजर सरळ चालेपर्यंत पाणीसुद्धा नको, ठसका लागून फुप्फुसात जातं. भुलीत अंग गार पडतं म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला. बोका २४ तास, भाटी दोन ते तीन दिवस, आणि सोडायचं जिथून पकडलं तिथंच. हिरड्या पांढऱ्या दिसल्या, टाक्यातून थेंबापेक्षा जास्त रक्त आलं किंवा २४ तासांनीही खाल्लं नाही तर वाट न बघता डॉक्टरांकडं.

मिरज_जंक्शन

खाण्याबद्दल. दूध आजपासून बंद. मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि ते जुलाबच कुंडीत दिसतात.

साधारण चार किलोच्या मांजराला दिवसाला २००-२५० कॅलरी लागतात. कोरडं खाद्य दिलं तर ५५ ते ६५ ग्रॅम, म्हणजे १७ जणांना रोज किलोभर. परवडत नसेल तर चिकनच्या दुकानातून माना, पोटा, काळीज घ्या, उकडा, हाडं काढून टाका (शिजलेलं हाड फाटून टोचतं), आणि दोन भाग मांसाला एक भाग मऊ भात कालवा. प्रत्येकी १३० ते १५० ग्रॅम. उकडलेलं पाणी ओतून देऊ नका. मांजराच्या हृदयाला आणि डोळ्याला लागणारं टॉरिन त्या पाण्यात उतरलेलं असतं. मीठ, कांदा, लसूण नको, म्हणून घरची आमटी-भाजीही बाद. काळीज आठवड्यातून एकदा-दोनदा, थोडंच, त्यात अ जीवनसत्त्व जास्त असतं. नुसती कच्ची माशांची डोकीही रोज चालत नाहीत.

रोज एकच वेळ, एकच जागा, अर्ध्या तासात भांडी उचलायची. उरलेलं अन्न उंदीर आणि कुत्री बोलावतं, आणि गल्लीचा राग त्यावरच असतो. मुंग्यांसाठी भांडं पाणी भरलेल्या परातीत विटेवर ठेवा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतल्या नियम २० मध्ये खाणं देण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असावी असं आहे. ते आधीच पाळलं की वादाला जागा उरत नाही.

कुंडीचा उपाय असा: गोदामाच्या सावलीत तीन बाय दोन फुटांची उघडी पेटी, चार-पाच इंच वाळू. घाण रोज काढा. आठवड्यातून एकदा काढून चालत नाही, कारण टोक्सोप्लाझ्माचे (मांजराच्या विष्ठेतून माणसाला लागणाऱ्या परजीवीचे) कण विष्ठेत दिवसभरानंतर संसर्गक्षम व्हायला लागतात. गरोदर बाईनं ते काम करू नये. तुळशीच्या मातीवर करवंटीचे तुकडे किंवा बारीक जाळी अंथरा, मांजराला उकरायला मिळालं नाही की ते तिथं बसत नाही.

बाजारपेठ_३

मेडिकलमधून माज बंद करायची गोळी किंवा इंजेक्शन मिळतं ना? पकडापकडी कशाला, खाण्यात घालून काम होतं.

कुपवाडचा_पिंजरा

नको दादा. त्या हार्मोनमुळं गर्भाशयात पू होतो आणि स्तनात गाठी येतात. शिवाय खाण्यातून देताना कुठल्या भाटीनं दोनदा खाल्लं आणि कुठलीला मिळालंच नाही हे कळत नाही. आधीच गाभण असलेलीला दिलं तर प्रसूती अडते.

काठावरचा_वाडा (सांगली)

मोठी मदत झाली. दोन शंका: एक काळी भाटी पिंजऱ्याजवळ येते, वास घेते आणि मागं फिरते. आणि गाभण वाटते तिचं काय करायचं?

मिरज_जंक्शन

काळीसाठी पिंजऱ्याचं दार तारेनं वर बांधून ठेवा आणि चार-पाच दिवस तिचं खाणं त्यातच द्या. पहिल्या दिवशी दारात, मग रोज चार बोटं आत. पिंजऱ्याच्या तळाची जाळी तिच्या पायाला टोचते, म्हणून पोतं अंथरा. पाचव्या दिवशी तार सोडा. तरीही नाही आली तर मोठी जाळीची पेटी उलटी ठेवून एका बाजूनं पाण्याच्या बाटलीवर टेकवा, बाटलीला दोरी बांधा, ती आत पूर्ण शिरून खायला लागली की ओढा. लगेच चादर टाका आणि पेटी हातानं दाबून धरा, ती पेटी उचलू शकते.

गाभण असेल तर डॉक्टर पोट चाचपून किंवा सोनोग्राफीनं दिवस सांगतील, आणि निर्णय तेव्हाच. पकडलेली भाटी दुभती निघाली, म्हणजे आचळं गुलाबी, भरलेली आणि भोवतीचे केस झडलेले, तर तिची लहान पिल्लं कुठंतरी लपलेली आहेत असं धरून चाला. पहाटे पकडा, पहिला नंबर तिचा लावा, आणि पूर्ण शुद्धीवर आली की त्याच संध्याकाळी सोडा. एकटी दिसलेली पिल्लं लगेच उचलू नका, आई शिकारीला गेलेली असते. अंग गार लागलं तरच हात घाला, आणि आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजलेलं दूध पचत नाही.

सिव्हिलजवळ

औषधांबाबत तीन गोष्टी, कारण चुका इथंच होतात. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराच्या यकृताला त्या औषधाचं विष उतरवता येत नाही, एक गोळीसुद्धा जीव घेते. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं. दुसरं, कुत्र्यांचं पर्मेथ्रिनवालं गोचिडाचं औषध मांजराला झटके आणतं. तिसरं, फिनेल. पडवी फिनेलनं पुसली की ते पंज्यांना लागतं आणि चाटून पोटात जातं.

फिनेलनं पॅनल्यूकोपेनियाचा (मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा) विषाणूही मरत नाही. पिल्लं पटापट उलट्या करून, पाण्याजवळ मान टाकून बसायला लागली तर तोच समजा. हा विषाणू जागेवर वर्षभरही टिकतो. आधी घाण साबणानं धुवा, मग साध्या घरगुती ब्लीचचा एक भाग ३२ भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवा, नंतर पाण्यानं धुवा. पिंजरे प्रत्येक मांजरानंतर असेच. पाच पिल्लांची या विषाणूवरची लस आता सुरू करा, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत.

पकडताना चावलं किंवा ओरबाडलं तर १५ मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला रेबीजच्या लसीसाठी जा. सरकारी दवाखान्यातल्या कातडीत देण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७, २८. रक्त आलं असेल तर रेबीजच्या इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचं) स्वतः होऊन विचारा. मांजराचा दात बारीक पण खोल जातो, वरून भोक मिटतं आणि आत पू होतो, म्हणून अँटिबायोटिकचंही विचारा.

काकानगर_वरचा_मजला

गावभाग म्हटल्यावर पाण्याचं बोलायलाच हवं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर आला की मांजर ओळखीच्या उंच जागी चढतं, अनोळखी जिन्यावर चढत नाही. म्हणून जून लागताच खाण्याची जागा दर आठवड्याला थोडी वर सरकवा: पडवी, मग जिन्याची पहिली पायरी, मग माडी. जुलैपर्यंत वाट पायाखालची होते. गोदामाच्या वरच्या खिडकीपासून शेजारच्या गच्चीपर्यंत एक फळी टाका, नऊ-दहा इंच रुंद, वर सुतळी गुंडाळलेली, ओल्या फळीवर पंजा घसरतो.

एरवीच्या पावसासाठी मासळीवाल्याचा थर्माकोलचा खोका पुरतो. दार सहा इंचांचं, विटांवर उचललेला, आत भाताचं पिंजर (वाळलेला पेंढा). गोणपाट किंवा जुनी साडी घालू नका, ती ओल धरते. उसाचं पाचटही नको, कडा कापतात. आणि नसबंदी ऑगस्टपर्यंत लांबवू नका. पूर आला तर टाके ओले होतात आणि पिंजरेही त्याच वेळी इतरांना लागतात. कान कापलेल्या आणि न कापलेल्यांची यादी, रंग आणि जागेसकट, माडीवरच्या भिंतीवर चिकटवून ठेवा. पाणी उतरल्यावर पहिली मोजणी त्या यादीवरूनच करायची.