तुटणारा ताणा यंत्राला कळतो का?

मूळ मत : मराठीचा शिक्षक, सोलापूर

सोलापूरच्या पूर्व भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. अलंकार शिकवून झाल्यावर मी बारावीच्या मुलांना आपापल्या घरातले एक रूपक लिहून आणायला सांगितले, तेव्हा एका मुलीने लिहिले, 'माझी आई म्हणजे रोज तुटणारा ताणा.' केवळ मजकुरावर शिकलेल्या एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला मी या वाक्याचा अर्थ विचारला. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे, हे तिने बरोबर सांगितले. मात्र आई आतून खचली आहे आणि तिचे आयुष्य उसवत चालले आहे, असा अर्थ तिने लावला. मुलीला नेमके उलटे म्हणायचे होते. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवावा लागतो, तुटलेले टोक शोधून गाठ मारावी लागते, ते फणीतून पुन्हा ओवून घ्यावे लागते आणि माग पूर्ववत सुरू होतो. तिची आई यंत्रमागावर काम करते. ती रोज तुटते आणि रोज गाठ मारून पुन्हा उभी राहते.

लेकॉफ आणि जॉन्सन या अभ्यासकांनी १९८० साली मांडले की रूपक हा केवळ भाषेचा दागिना नसून आपल्या विचाराचीच ती रीत आहे आणि तिचे मूळ देहाच्या अनुभवात आहे. भाव चढतात, मन खचते, राग डोक्यात जातो, हे आपण देह असल्यामुळेच बोलतो. ज्याला देह नाही त्याला रूपकाचा अर्थ सांगता येईल, पण कळला असे मी म्हणणार नाही.

प्रतिसाद : संगणक अभियंता, मूळचा सोलापूरचा

सर, आपले उदाहरण मनाला भिडले, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. हेच वाक्य रत्नागिरीच्या मुलाला दिले असते तर त्यानेही 'आई खचली आहे' असेच म्हटले असते, आणि त्याला तर देह आहे. उणीव देहाची नव्हती, माहितीची होती. मी तेच वाक्य एका प्रणालीला दिले, सोबत ताणा तुटल्यावर माग कसा पुन्हा सुरू होतो हे दोन ओळींत लिहिले, आणि तिने आपल्या विद्यार्थिनीच्या मनातला अर्थ पहिल्याच उत्तरात सांगितला.

आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्या कितीतरी आजींनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नसतो, तरी 'भवसागर' त्यांना समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी तो शब्दांतूनच घेतलेला असतो. लँडाऊ आणि ग्लाइटमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील जन्मांध मुलगी 'बघ' हा शब्द हातांनी चाचपून पाहण्याच्या अर्थाने सुसंगतपणे वापरत होती. भाषेत जगाचा फार मोठा ऐवज साठलेला असतो, आणि तो शब्दांवाटे मिळवणाऱ्याला आपण अडाणी ठरवत नाही.

प्रतिसाद : काव्यशास्त्राची अभ्यासक

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते, कारण 'कळणे' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरत आहात. अकराव्या शतकातील संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने लक्षणेसाठी, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्यासाठी, तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मूळ अर्थ बाधित व्हावा, नव्या अर्थाचा त्याच्याशी संबंध असावा, आणि तसे बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे त्याचे परंपरागत उदाहरण. प्रवाहावर वाडा वसू शकत नाही, म्हणून आपण 'गंगेच्या तीरावर' असा अर्थ घेतो. पण सरळ 'तीरावर' न म्हणण्याचे कारण असे, की बोलणाऱ्याला तिथला गारवा आणि पावित्र्य सुचवायचे असते.

पहिल्या दोन पायऱ्या यंत्र चढते, हे अभियंत्यांच्या प्रयोगातून दिसतेच. तिसरी पायरी मात्र बोलणाऱ्याच्या गरजेची आहे. त्या मुलीला 'माझी आई चिवट आहे' असे साधे लिहिता आले असते. तिने ताणाच का निवडला, याचे उत्तर शब्दकोशात नाही. ते तिच्या घरात आहे.

प्रतिसाद : संगणक अभियंता

प्रयोजनाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि माझ्या बाजूचा एक जुना दावा मी स्वतःच मागे घेतो. २०१३ साली शब्दांना अंकांच्या मालिकांत मांडून 'राजा वजा पुरुष अधिक स्त्री' याचे उत्तर 'राणी' येते असे दाखवले गेले आणि यंत्राला साम्य कळू लागल्याचा गाजावाजा झाला. त्या गणितात प्रश्नातले शब्द उत्तरातून आधीच वगळलेले असत. ते वगळले नाहीत तर पुष्कळदा 'राजा' हेच उत्तर येते. मानसशास्त्रज्ञ डीड्रे गेंटनर यांनी १९८३ साली स्पष्ट केले होते की खरे साम्यानुमान, म्हणजे एका गोष्टीच्या साम्यावरून दुसरी समजून घेणे, गुणांचे नसून संबंधांचे असते : अणू सूर्यमालेसारखा आहे म्हणताना अणुकेंद्र सूर्यासारखे पिवळे किंवा तप्त असल्याचा दावा कोणी करत नाही, भोवती फिरण्याचा संबंध तेवढा उचलतो. आजच्या प्रणालीने 'तुटणे, गाठ, पुन्हा चालणे' हा संबंध मागावरून उचलून आईवर ठेवला, म्हणूनच मी त्याला समज म्हणतो.

मूळ मतकर्ता

माग कसा चालतो हे सांगितल्यावर आपल्या प्रणालीने दिलेले उत्तर मी त्या मुलीला वाचून दाखवले. ते बरोबर आहे, असे ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने सांगितले की गाठ मारलेली जागा कापड विणून झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही, पण आई त्यावरून बोट फिरवते तेव्हा तिला ती लागते, आणि ते यंत्राने सांगितले नाही.

प्रतिसाद : संगणक अभियंता

सर, हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मीही ते यंत्राला सांगितले नव्हते. आता आपण ते लिहिले आहे, त्यामुळे उद्या एखादे यंत्र हे वाचेलही. तरी माझी एक विनंती आहे : बाकीच्या मुलांची रूपकेही माझ्याकडे पाठवा, पण त्यांचा अर्थ मात्र आपल्याकडेच ठेवा. या वेळी मी यंत्राला मागाविषयी काहीही सांगणार नाही.